फलाफल आणि आपला भरड्याचा वडा

(आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात, यवतमाळ येथे, महिला सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय 'फलाफल' असा छापलेला पाहून काहींना वाटले असेल की बाई ग्रहांची फळे सांगणार, आणि काहींनी तो मुद्रणदोष मानून सोडून दिला असेल. पण ज्यांची मुले-मुली शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नागपूर, पुणे, हैदराबाद येथे अथवा परदेशी राहतात, त्यांना हा शब्द नवा नाही. सुट्टीत घरी आलेली ही मुले उपाहारगृहात खाल्लेल्या या पदार्थाचे कौतुक सांगतात, आजी विचारते, "म्हणजे नेमके काय रे?" आणि मुलगा सांगतो, "हरभऱ्याचा वडा, पण आपल्यासारखा नव्हे." माझे आजचे सारे बोलणे या एका उत्तरासंबंधी आहे. तो हरभऱ्याचा वडा आहे हे खरे. पण तो आपल्यासारखा नव्हे, हे मात्र तितकेसे खरे नाही.

पाकक्रिया सांगण्यासाठी संमेलनाचा अर्धा तास खर्चावा काय, अशी शंका एका ज्येष्ठ गृहस्थांनी काल माझ्यापाशी बोलून दाखविली. त्यांस मी एवढेच म्हटले की, आपल्या घरांत काय शिजते आणि ते कोणाच्या ताटात किती पडते, हा प्रश्न शिष्यवृत्त्या आणि वसतिगृह यांइतकाच समाजाच्या हिताचा आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ या वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणींच्या रक्तात कमतरता आढळली. म्हणजे या मंडपात जेवढ्या भगिनी बसल्या आहेत, त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींचा हा प्रश्न असू शकतो. ज्या जिल्ह्याच्या काळ्या मातीत दर रब्बीला हरभरा डोलतो, त्याच जिल्ह्यातल्या सुना-लेकी निस्तेज चेहऱ्याने वावरतात, ही गोष्ट सुखाने झोप लागू देणारी नाही. म्हणून हा पदार्थ निमित्तमात्र आहे. सांगायचे आहे ते हरभऱ्याविषयी आणि घरातल्या जेवणाविषयी.

प्रथम नावाची ओळख करून घेऊ. अरबी भाषेत मिऱ्यांना 'फिल्फिल' म्हणतात आणि 'फलाफिल' हे त्याचे अनेकवचन मानले जाते. हा 'फिल्फिल' फारसीतल्या 'पिल्पिल'वरून आला, आणि 'पिल्पिल'चे मूळ आपल्या संस्कृतातल्या 'पिप्पली'त, म्हणजे बाळंतिणीच्या औषधात आपण ज्या पिंपळीचा उपयोग करतो तिच्या नावात, आहे असे भाषापंडित सांगतात. आपल्या आजीबाईच्या बटव्यातला एक शब्द व्यापाऱ्यांच्या गलबतांतून पश्चिमेस गेला आणि कैक शतकांनी वड्याचे नाव होऊन मुलांच्या तोंडून परत घरी आला. अशा शब्दाला परका म्हणून दारातून परतविणे कितपत शोभेल?

पदार्थाचे घर म्हणजे मिसर देश आणि त्याच्या पूर्वेकडील पॅलेस्टाइन, लेबॅनन, सीरिया, जॉर्डन हा प्रदेश. मिसरमध्ये याला 'तामिया' म्हणतात आणि तो बाकला नावाच्या मोठ्या दाण्याच्या कडधान्याचा करतात. पूर्वेकडच्या देशांत तो हरभऱ्याचा होतो. इस्राएलमध्येही तो रस्तोरस्ती मिळतो. आपल्याला जवळची वाटावी अशी एक गोष्ट या ठिकाणी सांगते. आपल्या कोकणातले, पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातले बेने इस्राएल बांधव, ज्यांची घरची भाषा मराठी, त्यांच्यापैकी पुष्कळ कुटुंबे १९४८ नंतर तिकडे जाऊन दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद अशा गावी स्थायिक झाली. 'मायबोली' या नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी तेथे चालविले. तेव्हा फलाफल खाता खाता मराठी बोलणारी माणसे या जगात पुष्कळ वर्षांपासून आहेत. आपण काही पहिले नव्हे.

खुद्द हरभराही मूळचा तिकडचाच. आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागात आणि लगतच्या सीरियात त्याची शेती सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी सुरू झाली असे मानतात. तेथून तो आपल्याकडे आला आणि असा रमला की आज जगातल्या एकूण हरभऱ्यापैकी निम्म्याहून पुष्कळ अधिक हरभरा एकट्या भारतात पिकतो. लहान, तपकिरी, सुरकुतलेल्या सालीचा तो आपला देशी हरभरा. मोठा, पांढरट, पातळ सालीचा तो काबुली. काबुली मागाहून, अठराव्या शतकाच्या सुमारास, अफगाणिस्तानच्या वाटेने आला. त्याचे नावच त्याची वाट सांगते. उपाहारगृहांतले फलाफल बहुधा काबुलीचे असते. पण देशी हरभऱ्याचेही उत्तम होते, हे मी पुढे सांगणार आहे.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. वणीपासून उमरखेडपर्यंत, दारव्ह्यापासून पांढरकवड्यापर्यंत असे घर विरळा की जिथे सणावाराला भरड्याचे वडे होत नाहीत. वडाभाताची आपली रीत आठवा. चण्याची, मुगाची, उडदाची डाळ, कोणी मोठ किंवा बरबटीही घालतात. ती भिजवायची, पाणी निथळून पाट्यावर भरड वाटायची, आले-लसूण, मिरची, सांभार घालायचा, थापून तळायची. मग गरम भातावर वडा कुस्करून हिंग-मोहरीची तेलाची फोडणी आणि सोबत कढी. तसाच आपला गोळाभात. या सर्वांत मर्माची गोष्ट कोणती? डाळ शिजवायची नाही, पीठही करायचे नाही. कच्ची, भिजलेली, भरड वाटलेली डाळच तेलात शिजू द्यायची. फलाफलाचे मर्म नेमके हेच आहे. मिसरच्या सुगरणीला आणि आपल्या पणजीला एकच गोष्ट, एकमेकींना न विचारता, उमगली होती. फरक एवढाच की आपण डाळ घेतो, त्या सालीसकट अख्खा दाणा घेतात. आपण वड्यात चिमूटभर सांभार घालतो, त्या मूठ-मूठ हिरवा पाला घालतात. आणि आपण वर कढी घेतो, त्या तिळाची चटणी घेतात. पोषणाच्या दृष्टीने हे तिन्ही फरक आपण शिकण्याजोगे आहेत.

ते कसे, हे थोड्या आकड्यांनी पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे जे कोष्टक प्रसिद्ध केले, त्यानुसार शंभर ग्रॅम अख्ख्या हरभऱ्यात सुमारे १९ ग्रॅम प्रथिने, सुमारे २५ ग्रॅम तंतुमय भाग आणि पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. डाळीत प्रथिने थोडी अधिक, सुमारे साडेएकवीस ग्रॅम. पण साल गेल्यामुळे तंतू पंधरा ग्रॅमवर येतो. पोट साफ ठेवणारा, जेवणानंतर रक्तातली साखर एकदम चढू न देणारा असा हा तंतू आहे. घरोघरी मधुमेहाच्या गोळ्यांच्या डब्या दिसू लागल्या असता सालीसह दाण्याचे महत्त्व मी अधिक सांगावयास नको.

डाळी-कडधान्यांतील प्रथिनांत एक उणीव असते. मेथिओनिन नावाचा घटक त्यांत कमी असतो. ज्वारी-गव्हात तो त्या मानाने बरा, पण तेथे लायसिन कमी असते. ते डाळीत भरपूर. म्हणून भाकरी आणि वरण, पोळी आणि उसळ या जोड्या आपल्या पूर्वजांनी बांधल्या त्या शास्त्राला धरूनच होत्या. तिळात मेथिओनिन चांगले असते. हरभऱ्याचा वडा, तिळाची चटणी आणि गव्हाची रोटी ही त्या लोकांची त्रयी आपल्या वरण-भाकरीचीच थोरली बहीण समजावी.

तिळाची आणखी एक थोरवी चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची. शंभर ग्रॅम सालीसह तिळात ते बाराशे मिलिग्रॅमच्या वर असते. मात्र बाजारातल्या पांढऱ्याशुभ्र, साल काढलेल्या तिळात ते पुष्कळच घटते, कारण ते सालीत असते. परदेशी 'ताहिनी' बहुधा सोललेल्या तिळाची असते. आपण संक्रांतीला आणतो तो साधा, न सोललेला तीळ घेतला तर चटणी किंचित कडवट आणि मळकट दिसेल, पण हाडांना अधिक हितकर होईल.

लोहाविषयी मात्र सावधपणे बोलले पाहिजे. प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह आणि ४६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरविले. मी सांगणार आहे त्या प्रमाणात केलेल्या पाच वड्यांतून सुमारे साडेनऊ ग्रॅम प्रथिने, म्हणजे गरजेचा पाचवा हिस्सा, आणि साडेतीन मिलिग्रॅमच्या आतबाहेर लोह, म्हणजे गरजेचा जेमतेम आठवा-नववा हिस्सा मिळतो. शिवाय वनस्पतीतले सगळे लोह अंगी लागत नाही. म्हणून कोणी असे समजू नये की आठवड्यातून एकदा फलाफल केले की पंडुरोग पळाला. ज्या भगिनीला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सांगितल्या आहेत तिने त्या घेतल्याच पाहिजेत. आपल्या हाती आहे ते एवढे की, जे लोह पोटात जाते ते वाया जाऊ द्यायचे नाही. त्यासाठी दोन सोप्या गोष्टी आहेत. जेवताना वर लिंबू पिळावे, कारण त्यातील 'क' जीवनसत्त्व लोह शोषून घ्यायला मदत करते. आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये, कारण चहा नेमके उलटे करतो. आपल्या जिल्ह्यात जेवण झाले की लगेच कपबशी पुढे करण्याची जी पद्धत आहे, ती तासाभराने लांबविली तरी पुष्कळ साधेल. कडधान्य भिजविल्यानेही लोहाला अडवून ठेवणारा एक घटक काहीसा कमी होतो.

आता कृती. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० पासून महाराष्ट्राला वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक करावयास शिकविले. त्याच वळणाने सांगते. पाच माणसांसाठी पाव किलो काबुली हरभरा घ्यावा. तो निवडून, धुऊन, चौपट पाण्यात बारा ते सोळा तास भिजवावा. देशी हरभरा असेल तर अठरा तास तरी हवेत, कारण त्याची साल जाड. दाणा नखाने सहज दुभंगला आणि मधोमध पांढरा कोरडा ठिपका दिसला नाही, म्हणजे भिजला. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळिसावर जातो. तेव्हा भांडे ओट्यावर ठेवले तर पाणी आंबते आणि फेस येतो. त्या दिवसांत शीतकपाटात भिजवावा, नसेल तर दोन-तीनदा पाणी बदलून माठाजवळच्या गारव्यात ठेवावा.

भिजलेला हरभरा चाळणीत काढून अर्धा तास निथळू द्यावा, मग स्वच्छ पंचावर पसरून कोरडा करावा. या पायरीत घाई करू नये; वडा तेलात फुटतो तो पुष्कळदा येथल्या आळसाने. नंतर एक मध्यम कांदा, लसणाच्या सहा पाकळ्या, दोन-तीन हिरव्या मिरच्या, दोन मुठी सांभार आणि एक मूठ पुदिना घ्यावा. तिकडे अजमोदावर्गातील पार्सली नावाचा पाला घालतात. तो न मिळाल्याने काही अडत नाही. हिवाळ्यात सांभाराच्या जुड्या स्वस्त असतात तेव्हा मूठ मोठी करावी; वड्याचे पोट हिरवेगार निघाले तर तो उत्तम झाला असे समजावे. दीड चमचा धने आणि दीड चमचा जिरे कोरडे भाजून भरड कुटावे. मीठ सव्वा चमचा, मिरपूड अर्धा चमचा.

हे सारे यंत्रात थांबत थांबत फिरवावे; पाणी थेंबभरही घालू नये. वाटण रव्याहून थोडे जाड, मुठीत दाबले तर गोळा राहील आणि बोटाने सारले तर सुटेल, असे हवे. बारीक गंधासारखे वाटले तर वडे आत चिकट होतात; फार जाड राहिले तर तेलात विरघळतात. ज्यांच्या घरी पाटा-वरवंटा अजून माळ्यावर गेलेला नाही त्यांनी तोच वापरावा. भरडा वाटण्यात त्याची सर यंत्राला नाही. वाटण झाकून तासभर थंड जागी ठेवावे. तळण्याच्या अगदी आधी त्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा आणि दोन मोठे चमचे तीळ मिसळावेत. सोडा आधी घातला तर त्याचा जोर निघून जातो आणि जास्त घातला तर साबणासारखी चव येते, शिवाय 'ब' वर्गातील थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होते. म्हणून अर्ध्या चमच्यावर हात जाऊ देऊ नये.

लिंबाएवढे गोळे करून किंचित चपटे करावेत, सव्वीस-सत्तावीस होतात. कढईत तेल पुरेसे खोल आणि चांगले तापलेले हवे. तापमापक असेल तर १७५ ते १८० अंश. नसेल तर वाटणाची चिमूट टाकून पाहावी, ती बुडबुडत लगेच वर यावी पण क्षणात काळी पडू नये. एका वेळी पाच-सहाच सोडावेत. कढई भरली की तेल निवते आणि निवलेले तेल वड्यात शिरते. आत सोडल्यावर मिनिटभर झारा लावू नये. चार मिनिटांत बदामी-तपकिरी रंग येतो.

काही जणी विचारतील की उकडलेला हरभरा किंवा बेसन घेऊन वेळ का वाचवू नये? उकडलेल्या दाण्यातले पिष्ट आधीच फुगलेले असते. ते तेलात नव्याने धरून ठेवीत नाही, वडा फुटतो आणि तेल पितो. कच्च्या दाण्यातले पिष्ट मात्र तेलाच्या उष्णतेने तिथल्या तिथे फुगते आणि स्वतःच गोंदाचे काम करते. म्हणून खऱ्या फलाफलाला बेसन लागत नाही. वाटण फारच सुटले तर एखादा चमचा बेसन घालावे. तेही घरी दळलेले, कारण विकतच्या बेसनात लाखोळीची भेसळ होत असे ही गोष्ट आपल्या वडीलधाऱ्यांना चांगली ठाऊक आहे. बाहेरून कडक आणि आतून हलका असा जो 'हॉटेलसारखा' वडा मुले वाखाणतात, त्याचे सारे रहस्य कच्चा दाणा, कोरडे वाटण, भरपूर पाला आणि नीट तापलेले तेल या चार गोष्टींत आहे. त्यात कोणतीही परदेशी पूड नाही.

चटणीसाठी अर्धी वाटी तीळ मंद आचेवर, रंग न बदलता, भाजून गार करावा आणि तीन-चार चमचे तेल घालून लोण्यासारखा वाटावा. यातले चार मोठे चमचे घेऊन लसणाची एक पाकळी, मीठ आणि दोन चमचे लिंबाचा रस घालून ढवळावे. ढवळताच ते घट्ट होऊन फाटल्यासारखे दिसते, घाबरू नये. थंड पाणी चमचा-चमचा घालत गेले की पाच-सहा चमच्यांनंतर ते पांढरट आणि दह्यासारखे गुळगुळीत होते. ज्यांना तिळाचा उरक नाही त्यांनी घट्ट दह्यात लसूण व जिरेपूड घालावी. आपली जवसाची चटणी दह्यात कालवून घेतली तरी वड्याला बाध येत नाही, उलट चव खुलते.

सोबतची 'पिटा' नावाची रोटी म्हणजे खमीर घातलेला जाड फुलकाच. पाव किलो कणकेत एक लहान चमचा खमीर, अर्धा चमचा साखर, मीठ आणि कोमट पाणी घालून मऊ भिजवावे, तासभर फुगू द्यावे, सहा गोळे करून जाडसर लाटावेत आणि खूप तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून शेवटी आचेवर फुगवावेत. मध्ये चिरून जी खिशासारखी पोकळी होते तीत वडे, काकडी, टोमॅटो, कोबी आणि चटणी भरावी. नाहीतर साध्या पोळीत गुंडाळावे. आणि ज्यांचे मन भातावाचून भरत नाही त्यांनी हे वडे गरम भातावर कुस्करून हिंगाची फोडणी घालून पाहावी. ते उपाहारगृहात कुठे मिळणार नाही.

आता पथ्याच्या गोष्टी. तळलेला पदार्थ तो तळलेलाच. शंभर ग्रॅम फलाफलात सुमारे ३३० उष्मांक आणि १८ ग्रॅमच्या जवळपास स्निग्धांश असतो. म्हणून हा रोजचा खाऊ नव्हे. ज्यांना तेल वर्ज्य आहे त्यांनी आप्पेपात्रात प्रत्येक खळग्याला अर्धा चमचा तेल सोडून, झाकण ठेवून, दोन्ही बाजूंनी भाजावेत. कुरकुरीतपणा थोडा कमी, पण पोषण तेच आणि स्निग्धांश बराच कमी. तळून उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. खाण्याच्या व्यवसायात वापरलेल्या तळणाच्या तेलात खराब झालेले ध्रुवीय घटक शेकडा २५ च्या वर गेले तर ते टाकून द्यावे, असा नियम आपल्या देशात १ जुलै २०१८ पासून लागू आहे. घरात मोजमापाचे साधन नसते, पण तेल काळसर झाले, फेसाळले, त्याला वास सुटला की ते बाद, एवढे डोळे-नाक सांगतातच. ही घरी करण्याच्या बाजूने मोठी गोष्ट आहे. आपल्या कढईतले तेल कितव्यांदा तापले ते आपल्याला ठाऊक असते.

दुसरे पथ्य कडधान्याच्या निवडीचे. ही रीत हरभऱ्याला चालते म्हणून राजम्यावर करून पाहू नये. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो. तो पुरेशा वेळ खळखळून उकळल्यावाचून जात नाही, आणि तळणाच्या चार मिनिटांत त्याचा भरवसा नाही. तसेच मिसरी पद्धतीचा बाकल्याचा वडा ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या विकराची उणीव आहे त्यांनी मुळीच खाऊ नये. त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि प्रसंग जिवावर बेततो. ही उणीव आनुवंशिक असते. ज्यांच्या घरी ती असल्याचे तपासणीत निघाले आहे त्यांनी बाहेर फलाफल मागविताना तो हरभऱ्याचा आहे ना, हे विचारूनच घ्यावे.

भगिनींनो, आता मूळ प्रश्नाकडे वळते. उपाहारगृहातल्या एका ताटलीला जे पैसे पडतात तेवढ्यात घरी बहुधा साऱ्या कुटुंबाचे होते, हा हिशेब प्रत्येकीने आपल्या गावच्या भावाने मांडून पाहावा. पण पैशाहून मोठी गोष्ट निराळी आहे. आपल्या घरांत नवे, चवीचे, मेहनतीचे काही झाले की ते प्रथम पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात जाते; करणारी शेवटी बसते, आणि तिच्या वाट्याला मोडलेले दोन वडे आणि कढईच्या तळाचा चुरा येतो. पाच वड्यांत पाचवा हिस्सा प्रथिने, असे मी मघाशी म्हटले. दोन मोडक्या वड्यांत किती, हे आपणच करा. वाढपाची ही जुनी रीत जोवर बदलत नाही तोवर फलाफल आले काय आणि भरड्याचे वडे राहिले काय, त्या शेकडा ५७ त फरक पडणार नाही. पूर्वजांची निंदा म्हणून मी हे बोलत नाही. ज्या काळी घरात पंचवीस पाने असत त्या काळची ती सोय होती. आज पाने चार आहेत. चारही एकदम मांडता येतात.

दुसरी विनंती थोरल्यांना. नातवाने परदेशी पदार्थाचे नाव काढले की "आमच्या वेळी असली थेरं नव्हती" असे म्हणून त्याचा हिरमोड करू नका. त्याला भरड्याचा पाटा दाखवा. त्याचे नवे आणि आपले जुने एकाच भांड्यात भिजते, हे त्याला कळू द्या. आणि तरुणांना विनंती अशी की परदेशी नाव लागले म्हणजेच पदार्थ सकस, आणि आजीच्या हातचा तो जुनाट, असा समज ठेवू नका. कढीबरोबरचा वडाभात पोषणात कोणाहून कमी नाही. भिजवणे, निथळणे, वाटणे ही कामे मुलग्यांनीही शिकावीत. वसतिगृहात एकट्याने राहणाऱ्या मुलाला रात्री हरभरा भिजत घालण्याची सवय लागली तरी त्याच्या आईची अर्धी काळजी मिटेल.

तिसरी सूचना मंडळाला. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे वर्ष आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून पाळले. वर्ष सरले, भाषणे विसरली. आपण निदान एवढे करावे की पुढील संमेलनाच्या भोजनात एक दिवस गोड पदार्थांची गर्दी कमी करून सालीसह कडधान्याचा एक पदार्थ ठेवावा, मग तो भरड्याचा वडा असो की फलाफल. आणि त्या दिवशी वाढणाऱ्या भगिनींची पंगत पहिली बसावी. माघ-फाल्गुनात शिवारात घाटे भरतात तेव्हा ओल्या सोल्यांचेही हे वडे सुरेख होतात. फक्त त्यांत पाणी अधिक असल्याने वाटण पिळून घ्यावे आणि चमचाभर बेसन जास्त घालावे. आपल्या शेतकरी बांधवांच्या घरचा हरभरा आपल्याच ताटात चार प्रकारांनी आला, तर त्यात त्यांचेही भले आहे.

'फलाफल' या शब्दाचा आपल्या भाषेत अर्थ बरे-वाईट फळ असा होतो. कोणत्याही कर्माचे तसे ते असतेच. कच्चा दाणा नीट भिजवला, पाणी निथळू दिले, तेल ताजे ठेवले आणि घरातल्या प्रत्येकीला बरोबरीने वाढले, तर या कर्माचे फळ चांगलेच मिळेल अशी माझी खात्री आहे.